उभा श्रोता, बसलेला श्रोता

मराठी मुलखातल्या मिशनऱ्यांचा इतिहास म्हटला की शाळा, छापखाने, दवाखाने आणि वादविवाद एवढे आपण सांगतो. जत्रेकडे कोणी फारसे वळत नाही. माझे शिक्षण इतिहासाचे नाही. पण नगर जिल्ह्यात वाढल्यामुळे जत्रा आणि चर्च दोन्ही ओळखीची. त्यामुळे एक प्रश्न मला अनेक वर्षे पडत आला आहे. सणासुदीला जमलेल्या कुटुंबांपर्यंत चर्चची माणसे पोचली, ती कशामुळे?

१८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले. १८३१ मध्ये त्यांच्या मिशनने अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे केले. बाजार, घाट आणि यात्रा या प्रचाराच्या ठरलेल्या जागा होत्या, कारण तिथे माणसे आयती जमत. ही फिरती सोपी नव्हती. नाशिक-त्र्यंबकच्या बाजूला प्रचारफेरीवर असतानाच हॉल १८२६ मध्ये पटकीने वारला.

पण जत्रेतले भाषण माणूस उभ्याने ऐकतो. घरचा कर्ता घटकाभर थांबेल, पुस्तिका हातात घेईल. बाई मात्र मूल कडेवर घेऊन पुढे निघेल. तिला नवस फेडायचा आहे, नैवेद्य दाखवायचा आहे, बांगड्या भरायच्या आहेत. त्यात वक्ता ज्या देवासाठी ती इतकी चालत आली त्यालाच नावे ठेवणारा. अशा वेळी कुटुंब थांबावे तरी कशाला?

याचे उत्तर परदेशी मिशनऱ्यांपेक्षा इथल्या ख्रिस्ती माणसांनी शोधले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव त्यात अग्रभागी घ्यावे लागते. पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान, साथीला टाळ-मृदंग हा ठाट जुनाच. आख्यान मात्र उधळ्या पुत्राचे किंवा येशूच्या जन्माचे. कीर्तन रात्री, कामे आटोपल्यावर असते आणि ते बसून ऐकायचे असते. म्हातारी भिंतीला टेकते, मुले आईच्या मांडीवर झोपतात. भाषणाला माणूस थांबतो, कीर्तनाला घर येते. माझ्या मते हा फरक निर्णायक होता.

त्याला जातीचीही एक बाजू आहे. नगर भागात मिशनकडे वळलेली बहुसंख्य कुटुंबे महार आणि मांग समाजातली होती. अभंग त्यांना नवे नव्हते, चोखोबा त्यांचाच. पण पंढरपूरच्या देवळाचे दार अस्पृश्यांना १९४७ पर्यंत, साने गुरुजींच्या उपोषणापर्यंत, बंद होते. ज्याला देवळातले कीर्तन बाहेरून ऐकावे लागले, त्याला पुढ्यात सतरंजीवर बसायला मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. अर्थात चर्चमध्ये आल्याने जात सुटली असेही नाही. १९०० साली बाप्तिस्मा घेतलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपल्या सोवळ्याची कथा काही न लपवता सांगितली आहे.

त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचे त्यांचे म्हणणे प्रसिद्ध आहे. त्यांनी रचलेली भजने आणि अभंग मराठी चर्चमध्ये आजही म्हटले जातात. १९१७ मध्ये ते मिशनच्या चाकरीतून बाहेर पडले आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारू लागले. तिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांत ते गेले आणि काम अर्धे राहिले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळू नये. टाळ-मृदंग हे केवळ आमिष होते काय? मिशनचा हेतू धर्मांतराचा होता, हे उघड आहे. काहींना कीर्तन हे नुसते साधन वाटले असेलही. पण सांगळे आणि टिळक यांच्यासाठी ती उसनी वस्तू नव्हती. धर्म बदलला म्हणून त्यांच्या कानातला ठेका बदलला नाही. वारसा घेऊन घर सोडणाऱ्याला चोर म्हणायचे की वारसदार, हे ज्याने त्याने ठरवावे. मी वारसदार म्हणतो.

या व्यवहाराची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. याच अमेरिकन मराठी मिशनमधले जस्टिन अॅबट यांनी निवृत्तीनंतर मराठी संतांची चरित्रे आणि काव्ये इंग्रजीत आणली. ती मालिका १९२६ पासून निघू लागली. एकनाथ, तुकाराम, बहिणाबाई यांच्यावर तिच्यात पुस्तके आहेत. जत्रेत सांगायला आलेल्यांपैकी एक जण शेवटी ऐकायला बसला. आणि ऐकायचे तर बसावेच लागते, हे आपल्याकडच्या कीर्तनाला कोणी शिकवायला नको होते.