पाहुणचार नावाचा प्राणी : झेनिया घरभर पसरतो तेव्हा

(भागाचा लेखी उतारा. बोलताना आले तेच शब्द बहुतेक ठेवलेत.)

आजचा विषय मनीषनगरातून आलाय. तिथल्या एका श्रोत्याने व्हॉइस नोट पाठवली. घरी तीन फुटांचा खाऱ्या पाण्याचा टँक आहे. दीड वर्षापूर्वी त्यात झेनियाचं रुपयाएवढं "रोप" लावलं आणि आता मागची काच, पंपाचं तोंड, सगळे दगड, जिकडे बघावं तिकडे तेच. "दादा, हे थांबवायचं कसं?"

आधी एक दुरुस्ती. ते रोप नाही, प्राणी आहे. झेनिया म्हणजे मऊ प्रवाळ, सॉफ्ट कोरल. दगडी प्रवाळ चुन्याचा सांगाडा बांधतं, हे बांधत नाही. बारीक देठ, वर आठ बोटांची मूठ, आणि ती मूठ सारखी उघडते-मिटते. व्हिडिओत बघायला एक नंबर. १८१६ साली लामार्क या फ्रेंच शास्त्रज्ञाने या प्रजातीगटाला झेनिया नाव दिलं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ आहे परक्या माणसाचा पाहुणचार. नाव ठेवणाऱ्याला पुढचं काही माहीत असायचं कारण नव्हतं, पण पाहुणा आला आणि घरच त्याचं झालं, ही तक्रार आज जगभरातले टँकवाले करतात.

थांबवायचं कसं ते सांगतोच. पण आपला कार्यक्रम इतिहासाचा, तेव्हा आधी हे बघू की हा प्राणी आपल्या काचेच्या पेटीत आला कसा. कारण उपाय तिथेच सापडतो.

सन १८४६. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेतल्या एका धर्माधिकाऱ्याची पत्नी, ॲना थिन, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्कीला गेली. तिथे तिला छोटी दगडी प्रवाळं दिसली. ती बरणीत घालून तिने लंडनला आणली. समुद्र लांब, पाणी सडायला लागलं. मग तिने काय करावं? घरातल्या कामवाल्या बाईला उघड्या खिडकीपाशी उभं केलं आणि पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायला लावलं. रोज. हाच तिचा एअर पंप! (त्या बाईचं नाव इतिहासाने लिहून ठेवलेलं नाही. जगातल्या पहिल्या प्रवाळ-टँकची खरी ऑपरेटर तीच, असं माझं मत.) पुढच्या वर्षी थिनबाईंनी पाण्यात समुद्री शेवाळ घातलं, प्राणवायूची सोय झाली, आणि ती प्रवाळं नुसती जगली नाहीत, वाढली. १८५९ मध्ये तिचा लेख छापून आला, त्याचा विषयच होता या प्रवाळांची वाढती संख्या. म्हणजे "टँकमध्ये वाढतंय" ही बातमी पावणेदोनशे वर्षं जुनी आहे. फक्त तेव्हा ती आनंदाची बातमी होती.

नंतरची शंभर वर्षं बहुतेक लोकांना अपयशच आलं. मासे टिकायचे, प्रवाळ मरायचं. आपल्याकडे १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्र प्रसादांच्या हस्ते मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं. ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राला खेटून. समुद्राशेजारी असणं ही तेव्हा चैन नव्हती, गरज होती.

ही गरज मोडली ती १९६१ च्या आसपास. जकार्तामध्ये राहणाऱ्या ली चिन एंग यांनी एका अमेरिकन मासिकात आपली पद्धत लिहिली: समुद्रातला जिवंत दगड टँकमध्ये ठेवा, हवेचे बुडबुडे सोडा, ऊन मिळू द्या, बाकी फिल्टर नको. दगडातले जिवाणूच पाणी साफ करतात. पुढे जर्मनीत, खास करून बर्लिनच्या हौशी मंडळींनी, यावर फेस काढणारं यंत्र बसवलं, म्हणजे प्रोटीन स्किमर. आणि पीटर विल्केन्स या माणसाने १९७० च्या दशकात त्यात भर घातली चुन्याच्या निवळीची. हो, चुनाच! जर्मन नाव काल्कवासर, पण वस्तू तीच. पाण्यातलं कॅल्शियम भरून काढायला ते लोक रात्री टँकमध्ये थेंब थेंब चुन्याची निवळी सोडत. आजही सोडतात.

मीठ पाकिटात मिळायला लागलं, एलईडी आले, चिलर आला. म्हणूनच समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर संपल्यावरही समुद्र लागत नाही अशा आमच्या नागपुरात, नवतप्यात बाहेर पारा ४५ ला टेकलेला असताना, बेसा रोडवरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये लिटरला ३५ ग्रॅम मीठ घातलेलं आरओचं पाणी २६ अंशांवर शांत बसलेलं असतं आणि त्यात लाल समुद्रातला प्राणी मूठ उघडत-मिटत असतो.

आता इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही सगळी वर्षं माणूस शोधत काय होता? न मरणारं प्रवाळ. ज्याला बल्ब हलका चालतो, पाणी थोडं घाण चालतं, कापलं तर तुकड्यातून उगवतं, मित्राला देता येतं. दुकानदार ज्याला "बिगिनर कोरल" म्हणून विकतो ते हेच. झेनिया, जांभळ्या चटईसारखं पसरणारं ग्रीन स्टार पॉलिप, क्लव्ह्युलारिया. आपण पिढ्यान्‌पिढ्या निवड केली ती पसरण्याचीच. आपल्या विदर्भात नाल्याकाठी बेशरम असतो ना? काडी तोडून फेकली की जिथे पडेल तिथे फुटतो. त्याची काडी कोणी आणून कुंडीत लावत नाही. इथे आपण पैसे देऊन लावली.

आणि हा प्राणी दिसतो तेवढा साधाही नाही. त्याची ती मूठ कशासाठी? इस्राएलच्या एलात इथे शास्त्रज्ञांनी समुद्रात कॅमेरे लावून बघितलं, २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. मूठ उघड-मीट केल्याने अंगाभोवतीचं पाणी सतत बदलतं, साठलेला प्राणवायू वाहून जातो आणि त्याच्या अंगात राहणाऱ्या सूक्ष्म शेवाळाचं अन्न बनवण्याचं काम कित्येक पट जोरात चालतं. त्यामुळे तो वाढतो. दुसरीकडे, १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात जॉन कोल आणि पॉल सामार्को यांच्या गटाने दाखवलं की मऊ प्रवाळं पाण्यात रसायनं सोडतात आणि शेजारचं दगडी प्रवाळ स्पर्श न करताही मारू शकतात. समुद्रात ही रसायनं वाहून जातात. तीन फुटांच्या पेटीत कुठे जाणार?

तर आता मनीषनगरच्या दादांसाठी. एका रविवारी सगळं ओरबाडून काढायचं, हा विचार आधी सोडा. एवढे प्राणी एकदम जखमी झाले किंवा मेले की पाणी नासतं आणि मासे जातात. ज्या दगडावर दाट आहे तो दगडच उचलून बाहेर बादलीत घ्या, टँकच्याच पाण्यात, आणि कापणं-खरवडणं तिथे करा. टँकमध्ये ब्लेड चालवलं तर सुटलेला प्रत्येक तुकडा पंपाच्या धारेत जाऊन नवीन जागी बसेल. काचेवरचे सोलताना दुसऱ्या हातात सायफनची नळी धरा, तुकडा सुटला की लगेच ओढून घ्या. बुडखा राहिला तर पुन्हा येतं, म्हणून देठाखालचा दगडाचा पापुद्राही काढावा लागतो. काम झालं की नवीन ॲक्टिव्हेटेड कार्बन घाला, वर सांगितलेल्या रसायनांसाठी. आठवड्याला एक दगड. कंटाळवाणं आहे, माहितीये.

भेगेतल्या एकट्या-दुकट्या पॉलिपवर जुना जर्मन चुनाच कामाला येतो. घट्ट लापशी करून सिरिंजने त्याच्यावर बसवायची, पंप बंद ठेवून. एका वेळी थोडीच, कारण चुना पाण्याचा पीएच झपाट्याने चढवतो. आणि पानटपरीवरची डबी नको हं! त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या, चष्मा आणि हातमोजे घालून.

पण नुसतं काढून भागत नाही. पाण्यात खत असेपर्यंत गवत येणारच. पॅसिफिक महासागरात पामायरा नावाचं प्रवाळबेट आहे. १९९१ मध्ये तिथे मासेमारीचं एक जहाज फुटून अडकलं. काही वर्षांनी दिसलं की त्या लोखंडाभोवती एक मश्रूम-प्रवाळ, म्हणजे टँकवाले ज्याला नुसतं "मश्रूम" म्हणतात त्याचा भाऊबंद, भराभर पसरतोय आणि खालची दगडी प्रवाळं झाकतोय. जहाजातून दूर गेलं की तो विरळ होत जायचा. संशय लोखंडावर गेला आणि शेवटी २०१३-१४ च्या सुमारास जहाजाचा सांगाडाच उचलून नेला. घरच्या टँकमध्ये तुमचं जहाज म्हणजे रोजचं जास्तीचं खाणं. नायट्रेट आणि फॉस्फेट मोजा, खाणं कमी करा, पाणी नेमाने बदला. आणि नवीन तुकडा लावताना तो मुख्य दगडाला कधीच चिकटवू नका. वाळूत एकटा ठेवा, भोवती रिकामी जागा सोडून. बेट करून ठेवलं की राखण सोपी.

एक धोका मात्र हसण्यावारी नेऊ नका. टँकमधली सगळी चटई झेनिया नसते. झोअँथिड नावाचे रंगीत बटणासारखे प्राणीही असेच पसरतात, लोक त्यांनाही सॉफ्ट कोरलच म्हणतात. हवाईच्या माउई बेटावर हाना गावाजवळच्या एका खडकातल्या डबक्याबद्दल जुनी दंतकथा होती: तिथलं "शेवाळ" विषारी आहे, भाल्याच्या टोकाला लावलं तर जखम जीवघेणी होते, आणि त्याला हात लावणं निषिद्ध. शास्त्रज्ञ नमुने घ्यायला गेले १९६१ च्या ३१ डिसेंबरला, आणि त्याच दिवशी त्यांच्या प्रयोगशाळेला आग लागली असं सांगतात. ते शेवाळ नव्हतं, झोअँथिड होते. १९७१ मध्ये मूर आणि शॉयर यांनी त्यातलं विष वेगळं केल्याचं जाहीर केलं. पॅलिटॉक्सिन. निसर्गातल्या सर्वांत जहाल विषांपैकी एक. म्हणून दगड "साफ करायला" गॅसवर उकळणं, गरम पाणी ओतणं, कोरडा ब्रश मारणं, यातलं काहीही घरात करू नका. त्या वाफेने अख्खी कुटुंबं दवाखान्यात गेल्याच्या घटना परदेशात घडल्यात.

मग काढलेलं टाकायचं कुठे? ब्लीचच्या पाण्यात बुडवा, मग वाळवा, मग कचऱ्यात. कोणी म्हणेल, नागपुरात काय फरक पडतो? नाग नदी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, ती प्राणहितेतून गोदावरीला. इतक्या गोड्या पाण्यातून झेनिया जगून बंगालच्या उपसागरात पोचणार नाही. खरंय, पोचणार नाही. पण तुकडे कुरिअरने जातात, हस्ते-परहस्ते जातात, आणि सगळेच टँकवाले नागपुरात राहत नाहीत.

१९८४ मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाखाली समुद्रात टँकमधल्या एका शेवाळाचा, कॉलर्पाचा, साधारण एक चौरस मीटरचा पट्टा दिसला. दुर्लक्ष झालं आणि ते भूमध्य समुद्रात हजारो हेक्टर पसरलं. तेच शेवाळ २००० साली कॅलिफोर्नियात दिसलं तेव्हा त्यांनी दिवस घालवले नाहीत. ताडपत्री अंथरली, खाली क्लोरीन सोडलं, आणि २००६ मध्ये संपल्याचं जाहीर केलं. मऊ प्रवाळांची पाळी नंतर आली. व्हेनेझुएलाच्या मोचिमा परिसरात झेनियाचाच नातलग, युनोमिया, उथळ समुद्रतळावर चटईसारखा पसरलाय. ॲक्वेरियमच्या धंद्यासाठी कोणीतरी तिथे आणून सोडला असावा, असा संशोधकांचा कयास. पुढे तो क्युबातही दिसला. २०२३ मध्ये पोर्टो रिकोच्या नैऋत्य किनाऱ्यावर खुद्द झेनिया सापडला.

आणि आपला किनारा? २०१५ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये गोव्याच्या ग्रांदे बेटाबद्दल एक लेख आला, पर्यटक ज्याला ग्रँड आयलंड म्हणतात तेच. तिथे स्नोफ्लेक कोरल सापडलं होतं. पांढऱ्या फुलांच्या फांद्यांसारखं मऊ प्रवाळ, शास्त्रीय नाव कॅरिजोआ. याला उजेडही लागत नाही, कपारीत, जेट्टीखाली, जहाजाच्या तळाला कुठेही वाढतं. हवाईत ते १९७२ मध्ये पर्ल हार्बरला दिसलं आणि २००१ मध्ये कळलं की खोल पाण्यातली काळी प्रवाळं त्याने झाकून मारलीत. पहिली शास्त्रीय नोंद १८६० ची, कॅरिबियनमधली. म्हणून सगळे म्हणत, हे मूळ तिकडचं. पण २०१० च्या जनुकीय अभ्यासात उलटंच निघालं. सगळ्यात जास्त विविधता हिंद-प्रशांत भागात, म्हणजे मूळ घर आपल्याच बाजूला असावं. म्हणून गोव्याच्या त्या लेखाच्या शीर्षकातच प्रश्न होता: ही परक्याची घुसखोरी, की घरच्याचंच पुन्हा डोकं वर काढणं?

हा प्रश्न चिल्लर नाही. परकं असेल तर उपटायचं, घरचं असेल तर ते अचानक का वाढलं ते शोधायचं. कायद्यालाही याची अडचण होते. २००१ पासून दगडी प्रवाळं, काळी प्रवाळं, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, वाघाच्या पंगतीत. यातले ऑर्गन पाइप आणि समुद्रपंखे तर झेनियाचे आठ बोटांचे सख्खे नातेवाईक. तेव्हा दुकानात "भाऊ, सॉफ्टच आहे" एवढ्यावर घेऊ नका, नाव विचारा.

डिसेंबरात ग्रांदेला स्कुबाला जाणारे आपल्यात बरेच आहेत. कपारीत तशा पांढऱ्या फांद्या दिसल्या तर फोटो काढा, हात लावू नका. याचाही तुटका तुकडा दुसरीकडे जाऊन रुजतो, बेशरमासारखाच.