इंदूरमधील लज्जेची मापे

1818 च्या मंदसौर तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला स्थिरावली, तेव्हा स्त्रीच्या अंगाचा कोणता भाग झाकलेला असावा याविषयी दोन निराळे संकेत या शहरात शेजारीशेजारी नांदू लागले. दक्षिणेतून आलेल्या मराठी घरांत नऊवारी लुगडे सकच्छ, म्हणजे कासोटा मागे खोचून, नेसले जाई. त्यात पोटऱ्या उघड्या राहत आणि त्याचे कोणाला काही वाटत नसे. माळवी स्त्रिया पायघोळ घागरा घालीत व वडीलधाऱ्या पुरुषांसमोर ओढणी तोंडावर ओढून घुंगट घेत, मात्र कंबरेचा भाग उघडा राहिला तर त्यांच्यात तो निर्लज्जपणा गणला जात नसे. त्याआधीच्या काळात होळकरांचे राज्य चालवणाऱ्या अहिल्याबाई खुल्या दरबारात बसून कारभार पाहत, याची नोंद माळव्याचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन माल्कमने आवर्जून केली आहे. अर्थात पुढे खानदानी मराठा घराण्यांत गोषा, म्हणजे परपुरुषाच्या दृष्टीआड राहण्याची रीत, पाळला जात होताच, तेव्हा मराठी रिवाज सरसकट मोकळा होता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

आक्षेपाचे मूळ उघड्या अंगाच्या मोजमापात नसते, हे विसाव्या शतकातील गोल साडीच्या वादावरून स्पष्ट होते. शिकलेल्या मराठी मुली कासोटा सोडून पाचवारी नेसू लागल्या, तेव्हा पाय आधीपेक्षा अधिकच झाकले गेले, आणि तरीही जुन्या वळणाच्या मंडळींनी विकच्छ नेसण्याला, म्हणजे कासोट्याविना साडी नेसण्याला, नाके मुरडली. कारण त्यांना खुपत होते ते वळण मोडणे.

राजवाड्यात मात्र ही मापे सर्वांना सारखी लागू पडली नाहीत. होळकर घराण्यातील तुकोजीराव तिसरे यांनी 1928 मध्ये नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशी विवाह केला, त्या वेळी तिला हिंदू धर्माची दीक्षा, शर्मिष्ठादेवी हे नाव आणि साडी, असे सर्व स्वीकारावे लागले. उलट तुकोजीरावांचे पुत्र यशवंतराव आणि कागलच्या घाटगे घराण्यातील संयोगिताबाई यांनी फ्रेंच चित्रकार बर्नार्ड बुते द मोन्व्हेल याच्यापुढे एकदा पाश्चात्त्य सायंवेषात आणि एकदा मराठा पोशाखात चित्रासाठी बैठक दिली. परक्या स्त्रीने पदर घ्यावा आणि घरच्या राणीने तो उतरवला तरी ती राणीच राहावी, ही सवलत प्रतिष्ठेतून आलेली होती. सराफा बाजारातून चालणाऱ्या सामान्य स्त्रीच्या वाट्याला ती येण्याचा संभव नव्हता.

अलीकडचा वाद रस्त्यावरचा आहे. एप्रिल 2023 मध्ये इंदूरचे माजी महापौर कैलाश विजयवर्गीय यांनी तोकड्या कपड्यांतील मुलींची तुलना शूर्पणखेशी केली आणि त्यावर देशभर टीका झाली. 2024 मध्ये छप्पन दुकान या खाऊगल्लीत एक तरुणी अंतर्वस्त्रासारख्या पोशाखात फिरली, तिची चित्रफीत पसरली, स्थानिक लोकप्रतिनिधींनी संताप व्यक्त केला आणि पोलिसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 खाली गुन्हा नोंदवला. जुन्या दंडसंहितेतील कलम 294 चाच हा नवा अवतार असून सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याला त्यात तीन महिन्यांपर्यंतची कैद सांगितली आहे. मात्र अश्लील म्हणजे काय याची व्याख्या कलमात दिलेली नाही, आणि त्या कृत्याने इतरांना उपद्रव झाला असला पाहिजे ही अट त्यात आहे, म्हणजे पाहणाऱ्याची नापसंती हा गुन्ह्याचाच एक घटक ठरतो.