राहणे आणि रुळणे

नव्या घरात माणूस आधी राहू लागतो आणि मागाहून रुळतो, असे आपण मानतो. जुन्या इंग्रजीत मात्र या दोन्ही गोष्टींना एकच क्रियापद होते. साधारणतः इ. स. ११०० पर्यंत इंग्लंडमध्ये वापरात असलेल्या त्या भाषेत 'वुनिअन' म्हणजे वस्ती करणे, टिकून राहणे आणि सवयीचे असणेही. 'बेओवुल्फ' या काव्यातील ग्रेंडेल राक्षसाची आई पाण्यात राहते, ते याच क्रियापदाने सांगितले आहे. 'येवुना' म्हणजे सवय वा रूढी आणि 'वेनिअन' म्हणजे सवय लावणे, हे शब्दही त्याच कुळातले. या कुळाच्या मूळ धातूचा अर्थ 'इच्छिणे, आवडणे' असा असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. संस्कृतातील 'वन्' हा धातू त्याचाच सगोत्र. आवडले म्हणून थांबलो, थांबलो म्हणून अंगवळणी पडले, असा हा अर्थप्रवास दिसतो.

ज्या शब्दात टिकून राहण्याचाच अर्थ होता, तो स्वतः टिकला नाही. 'अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल'मधील नोंदीनुसार ८७६ साली डेन लोकांनी नॉर्थम्ब्रियाची जमीन आपसांत वाटून घेतली आणि ते ती कसू लागले. शेजाराबरोबर शब्दांचीही देवघेव झाली. जुन्या इंग्रजीतील 'ड्वेल्लन'चा अर्थ होता वाट चुकवणे, फसवणे. त्याच्याशी जुळणाऱ्या नॉर्स शब्दाचा अर्थ होता रेंगाळणे, थांबणे. या शब्दाच्या प्रभावामुळे वाट चुकवणारे क्रियापद पुढे 'ड्वेल', म्हणजे राहणे, झाले. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर फ्रेंचमार्गे लॅटिन शब्दही आले: सवयीसाठी 'हॅबिट', वसण्यासाठी 'इनहॅबिट'.

गंमत अशी, की निवास आणि सवय यांची गाठ या परक्या शब्दांतही आहेच. भेद आहे तो मुळात. लॅटिन शब्दांच्या मुळाशी 'हाबेरे', म्हणजे जवळ असणे, बाळगणे, हे क्रियापद आहे. एका कुळात घर आणि सवय आवडीतून उगवतात, दुसऱ्यात ताब्यातून. जर्मनने मात्र जुने कुळ सांभाळले. तिथे 'वोनेन' म्हणजे राहणे आणि 'गेवोनहाइट' म्हणजे सवय हे शब्द आजही रोजच्या बोलण्यात आहेत. इंग्रजीत त्यातले उरले ते 'वोंट' हे जुनाट वळणाचे रूप आणि 'वीन' हे क्रियापद. मुलाला दुधाव्यतिरिक्त अन्नाची सवय लावणे हा 'वीन'चा मूळ आशय. आज त्यातून अंगावरचे दूध तोडणेच प्रथम ध्वनित होते. लावण्याचा शब्द तोडण्याचा झाला.

मराठी वाचकाला या गाठीचे नवल वाटू नये. आपल्याकडे 'वहिवाट' म्हणजे चालत आलेला प्रघात, आणि जमिनीचा प्रत्यक्ष उपभोगही. बांधावरून वर्षानुवर्षे जाणेयेणे असले, की त्या वाटेवर हक्क सांगितला जातो, तो या वहिवाटीच्याच आधारे. स्कॉटलंडच्या कायद्यातही चालत आलेल्या प्रघातासाठी 'यूज अँड वोंट' असा जोडशब्द आहे. साहित्यात मागे पडलेला 'वोंट' तिथे कामाला राहिला. एखादी जागा आपली कशाने होते, हा प्रश्न कागदपत्रे येण्यापूर्वीचा आहे, आणि त्याचे जुने उत्तर कागदांत नव्हे, तर रोजच्या पायवाटेत होते. ज्यांच्यापाशी आजही कागद नाही आणि पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट मात्र आहे, त्यांच्या दृष्टीने हा केवळ व्युत्पत्तीचा प्रश्न नाही.