लव्हबर्ड नसलेला लव्हबर्ड : मद्रासच्या बाजारातून घरच्या पिंजऱ्यापर्यंत

या मालिकेत आपण बहुतेक वेळा इमारतींचा, बाजारांचा, माणसांचा इतिहास बघतो. आजचा विषय जेमतेम तीस-पस्तीस ग्रॅम वजनाचा आहे. चेन्नईतली मराठी मंडळी मला नेहमी एक प्रश्न विचारतात. मुलं मागे लागली आहेत, घरात पहिलाच पक्षी आणायचा आहे, तर तो कसा निवडायचा? या प्रश्नाचं अर्धं उत्तर पक्ष्याच्या डॉक्टरांकडे आहे आणि अर्धं इतिहासात. मी इतिहासाकडून सुरुवात करतो.

आधी नाव. पुण्यात, मुंबईत, इंदुरात किंवा इथे चेन्नईत दुकानात जा आणि छोट्या हिरव्या-निळ्या पोपटांकडे बोट दाखवा. दुकानदार म्हणेल, ‘लव्हबर्ड्स’. तमिळ माणूसही हेच म्हणतो. पण खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. अंगाने भरलेले, आखूड शेपटीचे. आपण ज्याला लव्हबर्ड म्हणतो तो सडपातळ, लांब शेपटीचा, पाठीवर लाटांसारख्या काळ्या रेषा असलेला पक्षी म्हणजे बजरीगर, लाडाने बजी. तो ऑस्ट्रेलियाचा. बजरीगर हे नावही तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेलं आहे.

जॉर्ज शॉ या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने 1805 मध्ये या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पण युरोपातल्या लोकांनी तो जिवंत पाहिला 1840 मध्ये, जॉन गूल्ड ऑस्ट्रेलियाहून इंग्लंडला परतले तेव्हा. त्यांच्याबरोबर जिवंत बजी होते. गूल्ड यांनी त्याचं जे शास्त्रीय नाव रूढ केलं त्याचा अर्थ साधारण ‘लहरी रेषांचा गाणारा पोपट’. गूल्ड यांनी लिहून ठेवलेलं आणि पुढच्या अभ्यासकांनी पाहिलेलं त्याचं मूळ आयुष्य नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा सल्ला त्यातूनच निघतो.

हा कोरड्या गवताळ प्रदेशातला भटक्या पक्षी. पाऊस जिकडे पडेल तिकडे थवेच्या थवे जातात, जमिनीवर उतरून गवताचं बारीक बी टिपतात, झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. वर ससाणे टपलेले. अशा थव्यात जो आजारी दिसतो तो आधी उचलला जातो. म्हणून बजी आजार लपवतो. कण्हत नाही, शेवटपर्यंत दांडीवर तोल सांभाळून बसतो. पिंजऱ्यात पावणेदोनशेहून जास्त वर्षं काढूनही ही सवय गेलेली नाही. ‘काल तर चांगला होता हो, सकाळी मेला’ असं आपण ऐकतो. बहुतेक वेळा तो काल चांगला नव्हता. तो फक्त तसा दिसत होता.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोपात बजींची पैदास होऊ लागली. जंगलातला बजी हिरवाच, डोकं पिवळं. त्या शतकाच्या शेवटच्या दशकांत बेल्जियममध्ये पिवळे आणि मग निळे निघाले. 1925 मध्ये इंग्लंडात बजरीगर पाळणाऱ्यांची संस्थाच स्थापन झाली. आज चेन्नईच्या दुकानातला निळा, पांढरा, राखी बजी असा पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेला असतो. कुणी तो रानातून धरून आणलेला नसतो.

आता मद्रासकडे वळू. सेंट्रल स्टेशनच्या शेजारी मूर मार्केट होतं. मद्रास नगरपालिकेचे अध्यक्ष सर जॉर्ज मूर यांनी 1898 मध्ये पाया घातला आणि 1900 मध्ये ते खुलं झालं. लाल विटांची देखणी वास्तू. आत जुनी पुस्तकं, कपडे, भांडी, आणि पाळीव पक्षी-प्राणीसुद्धा. मागेच पीपल्स पार्कमध्ये मद्रासचं प्राणिसंग्रहालय. म्हणजे एकाच फेरीत मुलांनी वाघ बघायचा आणि वडिलांकडे पोपटाचा हट्ट धरायचा. 30 मे 1985 ला मूर मार्केट जळालं. त्याच वर्षी प्राणिसंग्रहालयही शहराबाहेर वंडलूरला खुलं झालं. आता त्या जागी रेल्वेची इमारत आहे, आणि उपनगरी गाड्यांच्या स्थानकाला लोक अजून मूर मार्केट कॉम्प्लेक्सच म्हणतात. पक्षी विकणारे शहरभर पांगले. पल्लावरमच्या शुक्रवारच्या बाजारात आजही जुन्या सामानाशेजारी पिंजरे दिसतात.

पण बाजार जळण्यापेक्षा मोठा बदल कायद्याने घडवला. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1990-91 च्या सुमारास देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी आली. आपला राघू, म्हणजे लाल कंठाचा हिरवा पोपट, मैना, मुनिया हे सगळे त्यात आले. देवळाबाहेर पोपटाकडून चिठ्ठी काढून भविष्य सांगणारे इथले किळी-जोसियरही हळूहळू दिसेनासे झाले. 2022 च्या दुरुस्तीनंतर राघू दुसऱ्या परिशिष्टात आहे. 2023 मध्ये इथल्या एका सिनेनटाला घरात मोठे देशी पोपट ठेवल्याबद्दल वनखात्याने अडीच लाखांचा दंड केला होता.

बजी मात्र परदेशी. पोपटांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतून मोजके पोपट वगळलेले आहेत, त्यात बजी आहे. त्यामुळे तो पाळायला परवाना लागत नाही. दुकानाला मात्र 2018 च्या नियमांनुसार राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. नोंदणीचा कागद बघायला मागा. आणि कुणी ‘पोपटाचं पिल्लू आहे, आतून देतो’ म्हणालं तर सरळ बाहेर पडा. ते पिल्लू ढोलीतून ओढून काढलेलं असतं, आणि त्याच्यासोबतची किती वाटेत मेली हे कुणी सांगत नाही.

आणखी एक प्रकरण सांगायला हवं. 1929-30 च्या हिवाळ्यात अमेरिकेत आणि युरोपात घरोघरी माणसं न्यूमोनियासारख्या तापाने आजारी पडू लागली. धागा निघाला नव्या आणलेल्या पोपटांपाशी. हा पोपटताप, म्हणजे सिटॅकोसिस. जानेवारी 1930 मध्ये अमेरिकेने पोपटांची आयात बंद केली. मग तिथल्याच परसांतल्या बजींकडे संशय वळला. कॅलिफोर्नियात कार्ल मेयर यांनी तपासणी केली तेव्हा वरून ठणठणीत दिसणाऱ्या पक्ष्यांतही संसर्ग सापडला. त्याच दशकात ऑस्ट्रेलियात मॅकफार्लेन बर्नेट यांना तो रानातल्या पोपटांतही आढळला. गर्दी, प्रवास, उपासमार झाली की दबलेला आजार उसळतो. आज त्यावर अँटिबायोटिक आहे, घाबरण्याचं कारण नाही. पण खच्चून भरलेल्या, घाण पिंजऱ्यातला पक्षी का घेऊ नये, याचं उत्तर त्या हिवाळ्यात मिळालेलं आहे.

आता निवड. दुकानात गेलात की पहिली दहा मिनिटं भाव विचारू नका. दोन पावलं मागे उभे राहा आणि नुसतं बघा. तुम्ही अगदी जवळ गेलात तर आजारी पक्षीही ताठ बसेल. लांबून बघितलं की कोण पिसं फुलवून, डोळे मिटून, तळाशी बसलाय ते कळतं. तो घेऊ नका, आणि ‘दया आली’ म्हणून पहिलाच पक्षी तोही नको. श्वास घेताना शेपटी पंपासारखी वरखाली होत असेल तर नको. डोळे स्वच्छ हवेत, नाकपुड्या कोरड्या, शेपटीखालची पिसं विष्ठेने चिकटलेली नसावीत. चोचीभोवती किंवा पायावर चुन्यासारखी खरखरीत पापुद्रे असतील तर ती बारीक किडीची खूण. पायाची दोन बोटं पुढे, दोन मागे, आणि दांडीवर पकड घट्ट हवी.

वय ओळखायला कपाळ बघा. पिल्लाच्या कपाळावरच्या काळ्या रेषा थेट चोचीपर्यंत येतात आणि डोळा पूर्ण काळा दिसतो. तीन-चार महिन्यांनी पहिली पिसं गळली की रेषा मागे सरतात. निव्वळ पिवळ्या किंवा पांढऱ्या बजीत या रेषा नसतात, तिथे डोळ्यांवर जा. नाकपुड्यांभोवतीची मांसल पट्टी मोठ्या नरात बहुधा निळी, मादीत तपकिरी. सहा-आठ आठवड्यांचं, स्वतः दाणे सोलून खाणारं पिल्लू माणसाला लवकर सरावतं. आणि हा थव्यातला जीव आहे. घरी दिवसभर कुणी नसेल तर दोन घ्या. दोन नर चालतात. घरटं ठेवलं नाही तर सहसा पिल्लांचा व्याप वाढत नाही.

खाण्याची गंमत ऐका. प्राचीन तमिळ संगम कवितेत डोंगरउतारावरच्या शेतांत मुली पोपटांना हाकलत बसलेल्या असतात. त्या शेतातलं धान्य म्हणजे तिनै, आपले राळे. तेच राळे आज दुकानातल्या बजीच्या मिश्रणात असतात. गवताचं बारीक बी खाणाऱ्या पक्ष्याला राळे, वरी, बाजरी आवडणारच. पण नुसत्या बियांवर त्याला अ जीवनसत्त्व आणि आयोडीन कमी पडतं. म्हणून रोज कोथिंबीर, मेथी, किसलेलं गाजर, शेवग्याची पानं द्या. कॅल्शियमसाठी समुद्रफेन टांगा, दुकानात त्याला कटल बोन म्हणतात. अवोकॅडो, चॉकलेट, खारट फरसाण अजिबात नको.

पिंजरा उंचीपेक्षा लांबीला मोठा हवा, कारण बजी आडवा उडतो. तारांमधलं अंतर बोटापेक्षा कमी असावं. चेन्नईत मे महिन्यातलं अग्नी नक्षत्र म्हणजे कत्तिरी वेय्यिल सुरू झालं की बजीही चोच उघडून, पंख अंगापासून दूर धरून धापा टाकतो. तो वाळवंटाकडचा आहे, पण रानात तो सावली शोधू शकतो, बाल्कनीतल्या पिंजऱ्यात नाही. पिंजरा आत घ्या, उथळ ताटलीत आंघोळीला पाणी ठेवा. त्याहून मोठा धोका स्वयंपाकघरात आहे. रिकामा तापलेला नॉनस्टिक तवा जो वायू सोडतो त्याने बजी काही मिनिटांत मरू शकतो. डासांची कॉइल, उदबत्ती, धूप यांचा धूरही लांब ठेवा. रात्री दहा-बारा तास अंधार आणि शांतता द्या, टीव्हीच्या खोलीत झोप होत नाही.

डॉक्टर आधी शोधा, पक्षी नंतर आणा. इथे वेपेरीला 1903 पासूनचं मद्रास व्हेटरनरी कॉलेज आहे. तुमच्या गावातही पक्षी बघणारा डॉक्टर आहे का, ते फोन करून विचारा. प्रत्येक पशुवैद्य पक्ष्यांवर उपचार करतोच असं नाही. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि दर आठवड्याला पक्ष्याचं वजन लिहून ठेवा. तो आजार लपवतो, वजन लपवू शकत नाही. दिवसभर काही न खाल्लेला बजी म्हणजे तातडीची केस आहे, ‘उद्या बघू’ नाही. दुसरा पक्षी आणलात तर महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवा.

शेवटी पैशांचं बोलतो. बजी स्वस्त मिळतो आणि हाच त्याचा शाप आहे. डॉक्टरची एक फी पक्ष्यापेक्षा महाग पडते, मग लोक म्हणतात नवा आणू. नीट सांभाळला तर तो पाच ते दहा वर्षं जगतो. आज सहावीत असलेलं मूल तेव्हा कॉलेजात असेल. तेवढी वर्षं रोज पाणी कोण बदलणार, दिवाळीत आणि गावाला जाताना त्याला कुठे ठेवणार, हे घरातल्या सगळ्यांनी बसून ठरवा. ठरलं तर खुशाल आणा. नाही ठरलं तर संध्याकाळी गच्चीवर दाणे आणि पाणी ठेवा. चेन्नईच्या आकाशात राघूंचे थवे अजून आहेत, ते येतील.