साताऱ्याचे पाचवे कलम

ईमेलच्या सर्व्हरवर नियम लिहिणे हा माझ्या नोकरीचा एक भाग आहे. नियम दिसायला सोपा असतो. पत्त्यात ॲट चिन्हानंतर जे नाव येते ते डोमेन. अमुक डोमेनवरून पत्र आले तर ते आत घेऊ नकोस, एवढेच यंत्राला सांगायचे. याच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत नको असलेल्यांची यादी करतात आणि बाकी सगळ्यांना दार उघडे ठेवतात. दुसरीत हव्या असलेल्यांचीच यादी करतात आणि उरलेल्या जगाला दार बंद. दुसरी तऱ्हा जास्त कडक. तिचे मला माहीत असलेले सर्वांत कडक उदाहरण संगणकाच्या जगातले नाही, साताऱ्याच्या इतिहासातले आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली. कंपनी सरकारने छत्रपती प्रतापसिंहांना गादीवर बसवले आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्यांच्याशी तह केला. वारणेपासून नीरेपर्यंत आणि सह्याद्रीपासून पंढरपूर-विजापूरकडे पसरलेला मुलूख त्यांना मिळाला. पण तहाचे पाचवे कलम असे होते, की परराज्ये, सरदार, जहागीरदार, किंबहुना आपल्या अमलाखाली नसलेल्या कोणाही माणसाशी राजाने संबंध किंवा पत्रव्यवहार ठेवू नये. जे काय बोलायचे ते इंग्रजांमार्फत. सोयरिकीसाठी बाहेरच्या घराण्याशी बोलणे करायचे असले, तरी तेही कंपनीच्या प्रतिनिधीच्या हातून. हे कलम तहाचा पाया आहे, ते मोडले तर तहाने मिळालेले सगळे गमवावे लागेल, हेही तिथेच लिहिलेले होते.

नकाशावर हा नियम कसा दिसत असेल ते पाहण्यासारखे आहे. औंध, फलटण, जत इथले जहागीरदार साताऱ्याच्या अमलाखाली ठेवलेले, म्हणून तिकडचे पत्र चालेल. सांगलीच्या चिंतामणराव पटवर्धनांनी त्याच वर्षी कंपनीशी वेगळा करार केलेला, म्हणून सांगलीचे पत्र चालणार नाही. आज जत सांगली जिल्ह्यात आहे. तेव्हा जतचा माणूस आतला आणि कृष्णेकाठचा सांगलीकर बाहेरचा होता. पत्रात काय लिहिले आहे हा प्रश्नच नव्हता. लिहिणारा कोणत्या यादीत आहे, तेवढेच पाहायचे होते. डोमेनचा नियमही नेमके हेच करतो.

आता यातली खोच. नाव पाहून निवाडा करायचा, तर ते नाव खरे असले पाहिजे. आपल्याकडच्या जुन्या दफ्तरांना याची पुरी जाणीव होती. पत्राच्या वर शिक्का, शेवटी मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर 'मर्यादेयं विराजते' असे कोरलेले होते. म्हणजे मजकुराची हद्द इथे संपली, यापुढे कोणी एक ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. कागद लांब असला आणि तुकडे चिकटवून केलेला असला, तर सांध्यावरही शिक्का उमटवत. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातले कागद १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' म्हणून छापायला घेतले. असे कागद वाचणाऱ्याला अक्षर कोणाचे, मायना कसा, तिथी जुळते का, हे सगळे तपासावेच लागते. त्यात नावाला एकट्याला काही किंमत नसते.

प्रतापसिंहांच्या बाबतीत मात्र नावालाच किंमत आली. १८३६ साली कंपनीच्या देशी शिपायांना फितवल्याचा संशय राजावर घेतला गेला आणि दिवाण गोविंदराव कैदेत पडले. १८३७ साली गोविंदरावांची आई गिरजाबाई यांच्या नावाचा एक अर्ज मुंबई सरकारकडे पोहोचला. त्यात मुलाच्या सुटकेची विनंती होती आणि राजावरच्या संशयाला बळ देणारा मजकूरही होता. आई लिहिते आहे म्हटल्यावर कागदाला वजन आले. पुढे कृष्णाजी सदाशिव भिडे नावाच्या माणसाने, हा अर्ज आपण लिहिला, असे सांगितले. तोवर संशय पक्का झालेला होता. गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार केल्याचे आरोपही राजावर आले. म्हणजे पाचवे कलमच. त्या कागदांच्या खरेपणावर तेव्हाही वाद झाला, पण उघड न्यायचौकशी झाली नाही.

ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर सर जेम्स कारनॅक साताऱ्यास आले. चूक झाली असे लिहून द्या, सही करा, गादी राहील, असा तोडगा त्यांनी ठेवला. प्रतापसिंहांनी सही केली नाही. ५ सप्टेंबरला त्यांना पदच्युत केले आणि काशीला पाठवले. दुसऱ्याच्या नावाने लिहिलेला कागद सरकारने धरून ठेवला, आणि स्वतःच्या नावाने खोटे लिहून द्यायला नकार देणारा माणूस गादीवरून गेला.

ईमेलची घडण पाहिली, की हा प्रसंग आठवतो. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेल पाठवण्याचे नियम नोंदवले. त्यात पाठवणाऱ्याने जे नाव सांगितले तेच धरून चालायचे होते, पडताळणी नव्हती. एकमेकांना ओळखणाऱ्या संशोधकांत ते चालून गेले. त्याआधी ३ मे १९७८ रोजीच अमेरिकेतल्या एका संगणक कंपनीच्या विक्रेत्याने अर्पानेटवरच्या सुमारे ४०० जणांना न मागता जाहिरात धाडली होती. पुढे १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांच्या प्रयत्नातून उपद्रवी पत्त्यांची सामाईक काळी यादी उभी राहिली. पण यादी कितीही मोठी केली, तरी खोट्या नावाने येणारे पत्र तिच्यातून सुटते. म्हणून शिक्के पुन्हा आणावे लागले. या डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरवरून निघू शकतात ते जाहीर करणारा एसपीएफ २००६ मध्ये नियमबद्ध झाला. २००७ मध्ये डीकेआयएम आला. तो मजकुरावर अशी सही करतो, की सही केलेल्या भागात एक अक्षर बदलले तरी कळते. हे आपले मोर्तबच. तपासणीत नापास झालेल्या पत्राचे काय करायचे ते सांगणारा डीमार्क २०१५ मध्ये आला. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी घाऊक पत्रे पाठवणाऱ्यांना हे तिन्ही सक्तीचे केले.

तरीही एक प्रश्न उरतो, तो यंत्राचा नाही. प्रतापसिंहांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तिथे अर्ज करत राहिले. अर्ज खरे होते, नाव खरे होते, सही खरी होती. निकाल बदलला नाही. राजा १८४७ मध्ये काशीतच वारला, आणि १८४८ मध्ये डलहौसीने सातारा खालसा केले. ज्याला एकदा नकोशांच्या यादीत टाकले, त्याचे खरे पत्रही कोणी मनावर घेत नाही.

म्हणून नियम लिहिताना मी अख्खे डोमेन अडवण्यापूर्वी तिथून आलेली मागच्या महिन्याची पत्रे उघडून पाहतो. अडवलेली पत्रे पुसून न टाकता बाजूला ठेवायला सांगतो, म्हणजे आठवड्यातून एकदा कोणीतरी माणूस ती चाळू शकेल. आणि प्रत्येक नियमापुढे तो कोणी, कधी आणि कशासाठी घातला ते लिहून ठेवतो. साताऱ्याच्या पाचव्या कलमात दाद मागायची जागा नव्हती. आपल्या नियमात ती ठेवायला चार ओळी जास्त लागतात.