जोडघराचा नकाशा

लंडनच्या बेजवॉटर भागात पोर्चेस्टर टेरेसवर एक जुना बंगला आहे. दर्शनी बाजूला मधोमध काचेचा घुमट आणि व्हरांडा. पाहणाऱ्याला वाटावं, कुणा एकाच श्रीमंताचं हे घर. प्रत्यक्षात ती दोन घरं आहेत. उद्यानकलेवर लिहिणाऱ्या जॉन क्लॉडियस लाउडनने १८२३ ते १८२५ या काळात ती बांधली आणि एका अर्ध्यात स्वतः बिऱ्हाड थाटलं. मधली भिंत सामाईक, पण दारं दोन टोकांना, म्हणजे जोड कुणाच्या डोळ्यांवर येऊ नये.

पहिलं महायुद्ध संपता संपता जोडघराचा हा प्रकार कामगारांच्या वाट्याला आला. कामगारांच्या घरांविषयीच्या १९१८च्या ट्यूडर वॉल्टर्स समितीच्या अहवालावर रेमंड अन्विन या वास्तुकाराचा मोठा ठसा होता. एकरी बारा घरं, समोरासमोरच्या घरांत सत्तर फूट अंतर. हिवाळ्यातलं तिरपं ऊनही तळमजल्यावर पोचलं पाहिजे. म्हणून घर रुंद करायचं, खोल नाही.

खरा वाद मात्र भिंतींच्या आत होता. त्याच वर्षी सरकारने लेडी एमट यांच्या अध्यक्षतेखाली स्त्रियांची एक उपसमिती नेमली, आणि या बायकांनी आराखडे घरात राबणारीच्या नजरेने तपासले. पाणी तापवायची हंडी मोरीच्या खोलीत विटांत बसवलेली असे, म्हणून अनेक नकाशांत नहाण्याचा टबही तिथेच. एरवी त्यावर फळी टाकायची, की झालं कामाचं टेबल. पण कुणी आंघोळीला बसलं की भांडी खोळंबली! स्त्रियांना न्हाणीघर वेगळं हवं होतं, गरम पाणी हवं होतं आणि बैठकीची खोलीही. अन्विनला तीच खोली वायफळ वाटे. एकच मोठी, उजेडाची खोली बरी, असं तो १९०२पासून मांडत आला होता. पण आजारी माणसाला निजवायला, मुलांना अभ्यासाला, पाहुण्याला बसवायला दुसरी खोली लागतेच. या वादात बायकांचंच बरोबर होतं.

१९३०च्या दशकात खासगी बिल्डरांनी उपनगरं जोडघरांनी भरून टाकली. बहुतेकांचा साचा एकच: बाहेरच्या भिंतीकडे जिना, सामाईक भिंतीला लागून एकामागे एक दोन खोल्या, मागे चिंचोळं स्वयंपाकघर, वर दोन बरे बेडरूम आणि दारावरच्या जागेत तिसरा, जेमतेम खाट मावेल एवढा. शेकोट्या पाठीला पाठ लावून. त्यामुळे शेजारचा पियानो आपल्याच घरात वाजतोय असं वाटे. याउलट काही जोडघरांत दोन्ही जिने मधल्या भिंतीशी आणले, तिथे आवाज अडला. अशी घरं आजही जाहिरातीत तो गुण सांगून विकली जातात.

खोल्यांची नावं बाजूला ठेवून विचार करायला १९६१ उजाडलं. घरातली माणसं दिवसभर काय करतात, त्यांचं सामान किती, त्या वर्षीचा पार्कर मॉरिस अहवाल इथून सुरू होतो. त्याची मापं १९६९मध्ये सरकारी घरांना बंधनकारक झाली आणि १९८०मध्ये काढून टाकली गेली. एवढ्या कष्टाने मिळवलेली जागा अशी सोडून द्यायला नको होती.

तळमजल्यावरचा संडास मात्र १९९९मध्ये नव्या घरांना सक्तीचा झाला. चाकाच्या खुर्चीवरून आलेल्या पाहुण्याला जिना चढायला लागू नये, हा हेतू. नव्या जोडघरात तो बहुधा जिन्याखाली सापडतो, जिथे पूर्वी बाबागाडी ठेवत.