जुनी सायकल मोडीत काढण्याआधी

पावसाळा सरला की पुष्कळ घरांत एक प्रश्न निघतो. पडवीत भिंतीला टेकवून ठेवलेली जुनी सायकल दुरुस्त करायची, की भंगारात देऊन नवी घ्यायची? डेअरीवर दूध पोचवणारी, अंगणवाडीत कामाला जाणारी, शेजारच्या गावी हायस्कूलला जाणारी, या सगळ्यांचं काम त्या सायकलीवाचून अडतं. उत्तर देण्याआधी सायकलची गोष्ट थोडी मागून ऐकू या.

दोन सारखी चाकं, मध्ये पायडल आणि मागच्या चाकाला चेन, हा सायकलचा घाट इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री गावी जॉन केम्प स्टार्ली यांनी 1885 साली बाजारात आणला. त्याआधीच्या उंच सायकलचं पुढचं चाक माणसाच्या छातीला लागेल एवढं मोठं असे, आणि तोल गेला की माणूस डोक्यावर पडे. पुढं 1888 साली जॉन डनलॉप यांनी हवेचा टायर केला आणि हाडं खिळखिळी करणारी सायकल बसायला सुखाची झाली. तेव्हापासून साध्या सायकलचा सांगाडा फारसा बदललेला नाही. हे ध्यानात ठेवा, कारण दुरुस्तीचं सगळं गणित त्यावरच उभं आहे.

त्याच 1888 साली आपल्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी भावाबरोबर सायकलचं दुकान काढलं. ते सायकली विकत आणि चालवायलाही शिकवत. यंत्राची आवड असलेल्या या माणसानं पुढं कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर केला, आणि 1910 साली किर्लोस्करवाडी वसवली. याच घराण्यातून 1930 साली 'स्त्री' मासिक निघालं. सायकलच्या दुकानापासून सुरू झालेली वाट बायकांच्या मासिकापर्यंत आली, म्हणायला हरकत नाही.

त्या काळी सायकल विलायतेहून येई. रॅले, हंबर, बीएसए ही नावं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहेत. किंमत अशी, की साध्या माणसाला ती जन्मात एकदाच परवडे. नगरपालिका कर घेऊन सायकलला बिल्ला देत, रात्री दिवा नसला तर पोलीस अडवत. अशी वस्तू कोण टाकून देणार? दुसऱ्या महायुद्धात रबराची टंचाई पडली आणि टायरवर सरकारी नियंत्रण आलं. मग फाटक्या टायरच्या आत जुन्या टायरचा तुकडा घालून लोकांनी दिवस काढले. दुरुस्ती ही तेव्हा गरजच होती.

मग आपल्या देशात कारखाने निघाले. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. स्वातंत्र्यानंतर मद्रासला टीआय, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला ॲटलस आणि 1956 साली लुधियान्याला हिरो सायकल्स उभी राहिली. लुधियान्यात तर गल्लीगल्लीत छोटे कारखाने निघाले. कोणी पायडल करी, कोणी रिम, कोणी चेन. साध्या काळ्या सायकलचं माप सगळीकडं जवळपास एकच राहिलं. म्हणून एका कंपनीच्या सायकलला दुसऱ्याचा टायर बसतो, आणि तीस वर्षांपूर्वीच्या सायकलचाही भाग तालुक्याच्या बाजारात मिळतो.

आता बायकांची गोष्ट. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात 1990 नंतरच्या दोन-तीन वर्षांत साक्षरता मोहीम चालू होती. तिथल्या जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी सायकल शिकणं हा त्या मोहिमेचाच भाग केला. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, अंगणवाडीच्या बाया हजारोंनी सायकल शिकल्या. बँकांनी सायकलसाठी कर्ज दिलं. बायकांच्या सायकली अपुऱ्या पडल्या, तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी लिहून ठेवलंय, की काही जणींना तीच जास्त पसंत पडली, कारण पुढच्या दांड्यावर लेकराला बसवता येतं. सायकल कोणती चांगली, हे जी चालवते तीच सांगू शकते.

तर आपल्या प्रश्नाकडं येऊ. आधी सांगाडा बघा. सायकलच्या मागं उभं राहून दोन्ही चाकं एका रेषेत दिसतात का, ते पाहा. नळ्या जिथं जोडल्या आहेत तिथं बारीक चीर आहे का, हँडलखालच्या नळीजवळ रंगाला सुरकुती पडली आहे का, पायडलच्या खालच्या बाजूला गंजून भोक पडलंय का, हे बोटानं चाचपा. चीर, वाक किंवा भोक सापडलं, तर त्या सायकलवर पैसे घालू नका. भर रस्त्यात सांगाडा तुटला तर दात-हात जातील. चालवणारीचे पाय जमिनीला टेकत नसतील, तरी ती सायकल तिच्यासाठी नाही.

सांगाडा धड असेल, तर बाकीचं सगळं बदलता येतं. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, छर्रे, कॉटर पिन, आऱ्या हे झिजायचेच भाग आहेत. चेन पुढच्या दातेरी चक्रावरून ओढून बघा. दात उघडा पडेल एवढी उचलली गेली, तर ती ताणली गेली आहे. चेन नवी घालताना मागचं फ्रीव्हील झिजलं असेल तर तेही बदला, नाहीतर नवी चेन जुन्या दात्यांवरून घसरते. मिस्त्रीला सांगा, भागांचे पैसे वेगळे आणि मजुरी वेगळी लिहून दे. मग तो आकडा नव्या सायकलच्या किमतीशेजारी ठेवा. निम्म्याच्या आत काम होत असेल, तर बहुतेक वेळा दुरुस्तीच परवडते. त्याहून जास्त लागत असेल, तर नवीचा विचार करा. पण गिअर आणि स्प्रिंगची झगमग घेण्याआधी तिचे भाग आपल्या बाजारात मिळतात का, हे विचारून घ्या.

बचत गटानं एक पंप, पान्ह्यांचा संच आणि पंक्चरचं सामान सामाईक ठेवलं, तर फार खर्च येत नाही. दोघीतिघींनी पंक्चर काढायला शिकून घ्यावं. शाळेच्या वेळेला ट्यूब बसली म्हणून मुलीचा दिवस बुडू नये.

आणि एक सांगायचं राहिलं. नवी सायकल आली की ती मुलाला, आणि कुरकुरणारी जुनी मुलीला, असं अजूनही कित्येक घरांत होतं. हिशोब करताना तेवढं विचारा, की रोज जास्त लांब कोण जातं? चांगली सायकल तिला द्या.